तेल पिणारी वडी

"पेलं का?"

हे विचारताना सर उजव्या हाताचा अंगठा ओठांशी न्यायचे. आमच्या इमारतीच्या जिन्यात, भरदिवसा, एक चष्मेवाला गृहस्थ बाईमाणसाला असं विचारतो म्हटल्यावर खाली नव्याने राहायला आलेल्या कुटुंबाने महिनाभर आमच्याकडे संशयाने पाहिलं. त्यांना समजावून तरी काय सांगणार? पिणारी मी नव्हते आणि सरही नव्हते. पिणारी होती एक पांढरी वडी, आणि तिने प्यायचं होतं ते तेल.

आपल्या डोक्यात जे चाललंय तेच समोरच्याच्याही डोक्यात चाललंय, अशी पक्की खात्री असलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. सर त्यातले. ते मधूनच कुठूनतरी बोलायला सुरुवात करत. आधीचं आपण ओळखून घ्यायचं.

याचा एकदा चांगलाच घोटाळा झाला. उन्हाळ्याचे दिवस होते. सर गच्चीवर उभे राहून अमरावतीच्या आपल्या मार्गदर्शकांशी फोनवर बोलत होते. "चार दिवस झाले सर, पेऊनच नाई राहिली. उलटी केली, सुलटी केली, आडवी धरली. तोंडच नाई उघडत." जवळच माझ्या सासूबाई कुरडया घालत बसल्या होत्या. त्यांच्या हातातला सोऱ्या तिथेच थांबला. खाली येऊन मला म्हणाल्या, "मास्तराची नात अंगावर पेऊन नाई राहिली वाटते. अन् हा माणूस लेकराले उलटं धरून राहिला." संध्याकाळी त्यांनी बाळंतशोपांची पुरचुंडी सरांच्या हातात ठेवली. "सुनंले द्या. दूध येते." सरांचा मुलगा तेव्हा अकरावीत होता. पण सरांना कोणाचं मन मोडणं जमत नसे. त्यांनी पुरचुंडी घेतली, आभार मानले आणि आठवडाभर जेवणानंतर स्वतःच खाल्ली.

सर मूळचे तेल्हाऱ्याचे. घरची कपाशीची शेती भाऊ बघायचा, सरांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, मुलासोबत तिथेच राहून शाळेत शिकवायच्या, आणि सर अकोल्यात आमच्या वरच्या मजल्यावर एका खोलीत राहून कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. मी त्याच कॉलेजात, त्याच विभागात प्रयोगशाळा सहायक. मी सहायक असून कायम होते, आणि सर शिक्षक असून तासिका तत्त्वावर होते. म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढेच तुम्ही कॉलेजचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही कोणाचेच नाही. जूनमध्ये पुन्हा मुलाखत, पुन्हा अर्ज, पुन्हा तेच टेबल. अशी अठरा वर्षं झाली होती. मी शिकत होते तेव्हा याच सरांनी मला चंचुपात्र धरायला शिकवलं, आणि मी कायम झाले तेव्हा सगळ्यात आधी पेढाही त्यांनीच खाल्ला. मला त्या दिवशी त्यांच्याकडे बघवलं नव्हतं.

नेट-सेट थोडक्यात दोनदा हुकली. उरली होती ती पीएच.डी. ती हातात आली तर कायम जागेच्या मुलाखतीला उभं राहता येणार होतं. नोंदणीची मुदत एकदा वाढवून झाली होती, आता वाढणार नव्हती. सगळं अडलं होतं ते वडीपाशी.

ही वडी काय प्रकार होता ते सांगते, मला जेवढं कळलं तेवढं. एक तेलकट रसायन घ्यायचं, त्यात साबणासारखं काहीतरी मिसळायचं आणि ढवळणं चालू ठेवून त्यात थेंबाथेंबाने पाणी सोडायचं. चार वाट्यांत तीन वाट्या पाणी जायचं, तरी पाणी दिसायचं नाही. श्रीखंडासारखा पांढरा घट्ट गोळा तयार व्हायचा. त्यावर झगझगीत उजेड पाडला की तेलकट भाग काही मिनिटांत गोठायचा. मग तो धुऊन वाळवला की पाणी निघून जायचं आणि जिथे जिथे पाण्याचा थेंब होता तिथे भोक राहायचं. डोळ्यांना न दिसणारी, एकमेकांत उघडणारी हजारो भोकं. अशी वडी पाण्यावर टाकली तर पाण्याला शिवणार नाही, पण त्यावर तरंगणारं तेल, डिझेल, थिनर सगळं ओढून घेणार. पिळली की पुन्हा रिकामी, पुन्हा तयार. गॅरेजसमोरच्या नालीत काळं तेल दिसलं की सर थांबायचे आणि मोठ्या प्रेमाने म्हणायचे, "हे सारं पेऊन टाकीन म्या एक दिवस." मी त्यांना बाही धरून पुढे न्यायचे, कारण गॅरेजवाला ऐकत असायचा.

आधी हे काम एका जांभळ्या दिव्याखाली चालायचं. परीक्षानळीत इवलासा गोळा गोठवायचा, त्याच्या ब्लेडने चकत्या करायच्या आणि तेलात टाकायच्या. चकत्या छान प्यायच्या. मग तो दिवा गेला. नव्या दिव्याचा प्रस्ताव कार्यालयात गेला आणि तिथेच राहिला. मी रोज विचारून यायचे. शेवटी सरच म्हणाले, "जाऊ द्या मॅडम. अकोल्यात उजेड मागवा लागते का?"

आणि त्यांनी उन्हावर वड्या गोठवायला सुरुवात केली. हवा लागली की वरचा थर चिकट राहतो, म्हणून प्लॅस्टिकच्या पसरट डब्यात गोळा ओतायचा आणि वरून पारदर्शक प्लॅस्टिक ताणून बसवायचं. मे महिन्यातलं दुपारचं एक. सगळं अकोला दारं लावून पंख्याखाली पडलेलं, आणि सर डोक्याला दुपट्टा बांधून कॉलेजच्या मैदानात डब्यासमोर उकिडवे, हातात घड्याळ. पहारेकऱ्याने मला दोनदा विचारलं, "सरले घरी काई टेन्शन हाय का?"

पण वडी झकास व्हायची. तळहाताएवढी, पांढरीशुभ्र, गुळगुळीत. चांगली धुऊन झाली की तिला वाळवायचं काम उरायचं. त्यासाठी सरांनी आधी कॉलेजची गच्ची वापरली. तिथे वानरांनी तीन वड्या पळवल्या आणि त्यांतली एक चावून, न आवडल्यामुळे, प्राचार्यांच्या गाडीवर टाकली. त्यानंतर वड्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर आल्या. एका बाजूला सासूबाईंच्या कुरडया, मधे शेजारणींचे पापड, आणि टोकाला जुन्या धोतरावर ओळीने मांडलेल्या सरांच्या वड्या. कावळे हाकलायला सरांना बायकांनी आपल्या बरोबरीने पाळी लावून दिली होती. ते ती इमानेइतबारे करायचे. काठी आपटत एकीकडे वही वाचायचे.

मोठ्या वडीची एकच अडचण होती. ती पीत नव्हती.

सरांनी काय नाही केलं. साबण कमी केला, जास्त केला. ढवळण्याचा वेग बदलला. सकाळचं ऊन घेतलं, दुपारचं घेतलं. वडी तेलात ठेवली की पाहुणीसारखी बसून राहायची. मी संध्याकाळी प्रयोगशाळा बंद करून निघायचे, तेव्हा शेवटची नजर माझी पडायची. म्हणून जिन्यात तो प्रश्न आणि ओठांशी तो अंगठा. मी मान हलवून नाही म्हणायचे. "पेईल, पेईल," असं म्हणत ते वर जायचे. धीर मला द्यायचे की वडीला, कोण जाणे.

एकदा आम्ही दोघं एसटीने अमरावतीला चाललो होतो. सरांना मार्गदर्शकांना वड्या दाखवायच्या होत्या, मला विद्यापीठातून थोडं काचेचं सामान आणायचं होतं. मूर्तिजापूरच्या पुढे एका बाईच्या कॅनमधलं करडीचं तेल सांडलं आणि सीटखालून पसरत निघालं. लोक पाय वर घ्यायला लागले. सर उठून उभे राहिले. "सरका, सरका," म्हणत त्यांनी डब्यातून वडी काढली आणि तेलाच्या वाटेत ठेवली. सगळी गाडी वाकून बघू लागली. सरांनी घड्याळ लावलं. बडनेरा आलं तरी वडी जशीच्या तशी होती. तेल तिला वळसा घालून पुढे गेलं होतं. शेवटी कोणीतरी वर्तमानपत्र टाकलं, त्याने निमूटपणे तेल टिपलं. कंडक्टर म्हणाला, "सर, हिले भूक नाई वाटते आज." गाडीभर हशा पिकला. सरही हसले. पण अमरावतीला उतरल्यावर मी जेवणाचा डबा उघडला तर त्यांनी घास घेतला नाही. "पेपरानं पेलं," एवढंच म्हणाले, "अन् वडीनं नाई."

त्याच दिवशी मार्गदर्शकांनी सांगून टाकलं की उन्हाचा काही भरवसा नाही. जूनअखेर मोठी वडी पिताना दाखवा, नाहीतर विषय इथेच संपवू. माणूस वाईट नव्हता, त्यांनाही वर उत्तर द्यायचं होतं. परतताना सर खिडकीशी बसले होते. बोरगाव मंजूच्या आसपास म्हणाले, "मॅडम, यंदा जूनमदी पुन्हा मुलाखत देऊन येईन म्या. सवय हाय."

आणि मग तो दिवस. दुपारचे चार वाजले असतील. मी घरात शिरले तर सासूबाई स्वयंपाकघरात गॅससमोर झारा घेऊन उभ्या. गॅस बंद, चेहरा गोंधळलेला. मला बघून म्हणाल्या, "पोरी, कढईले भोक पडलं का पाय बरं."

मी कढई उजेडाकडे धरून पाहिली. भोक नव्हतं. पण तेलही नव्हतं. कढईच्या तळाशी पिवळसर रंगाचे चार-पाच तुकडे गुबगुबीत होऊन बसले होते.

"तेल कुठं गेलं?" मी विचारलं.

"म्या वाटीभर टाकलं. अर्धवट गरम झालं, तं हे तुकडे सोडले. पायता पायता गायब. मले वाटलं कमी टाकलं. पुन्हा ओतलं. तेबी गायब."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमच्या गच्चीवर एक रीत आहे. कोणाचंही वाळवण असो, एखादा तुकडा चाखायला उचलणं हा सगळ्यांचा हक्क. विचारायचं नसतं, उलट विचारलं तर समोरचीला राग येतो. सासूबाईंची समजूत अशी की तेल्हाऱ्याच्या वहिनींनी मास्तरांना काहीतरी नव्या तऱ्हेच्या पापड्या शिकवल्या आहेत. चहासोबत बघावी एखादी तळून, म्हणून त्यांनी एक वडी खाली आणली होती.

मी सरांना हाक मारली. ते आले. कढईत पाहिलं. मला वाटलं आता हा माणूस पहिल्यांदा कोणावर तरी ओरडणार. पण ते कढईसमोर वाकले आणि कितीतरी वेळ तसेच राहिले. सासूबाई चाचरत म्हणाल्या, "मास्तर, चुकलं बापा माझं. तुमच्या घरचं वाळवण समजली मी."

"माय," सर एकदम हळू आवाजात म्हणाले, "तुमी हे तोडलं होतं का?"

"मंग? अख्खं मावते का कढईत?"

"हातानं तोडलं?"

"हातानं तोडलं. वरून साल लय चिवट होती, म्हून सुरीनं खरवडून काढली. आत मऊ होतं."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग कढईतला एक तुकडा उचलला आणि वाटीवर धरून पिळला. तेलाची धार लागली. पिळत राहिले, वाटी अर्धी भरली. तुकडा पुन्हा आधीसारखा हलका झाला. तो त्यांनी वाटीत सोडला आणि आम्ही तिघंही बघत असताना त्याने ते सगळं तेल पुन्हा पिऊन टाकलं.

तुमच्या लक्षात आलं असेल. दिव्याखालच्या चकत्या ब्लेडने कापलेल्या होत्या, त्यांची भोकं उघडी होती. मोठी वडी सहाही बाजूंनी प्लॅस्टिकला चिकटून गोठत होती, आणि जिथे प्लॅस्टिक तिथे गुळगुळीत बंद साल धरत होती. चिमुकल्या भेगांतून पाणी कसंबसं निघून जायचं, पण तेलाला आत शिरायला वाट नव्हती. दोन महिने सर ऊन तपासत होते, साबण तपासत होते. वडी मोडून बघायचं त्यांच्या मनात आलं नव्हतं. अख्खी दाखवायची होती ना. इतक्या कष्टाने केलेली वस्तू मोडायला त्यांचा हात धजला नसेल, असं मला वाटतं.

"काहून रडून राहिले मास्तर?" सासूबाई मला कुजबुजत विचारू लागल्या. सर रडत नव्हते, हसत होते. निदान मी तसंच सांगितलं. जाताना त्यांनी पिळलेलं तेल परत देऊ केलं. सासूबाई म्हणाल्या, "राहू द्या. तिलेच पाजा."

दुसऱ्या दिवशी सरांनी बारा वड्यांची साल काढली आणि बाराही वड्या प्यायल्या. आठवड्याने त्यांनी प्लॅस्टिकचे डबे सोडून काचेच्या थाळ्या आणल्या, वरही काच ठेवली, मग साल धरणंच बंद झालं. जूनअखेर मार्गदर्शकांच्या टेबलावर पाण्याने भरलेलं घमेलं, त्यावर डिझेल, आणि त्यात तळहाताएवढी अख्खी वडी. मार्गदर्शक खुर्चीतून उठून उभे राहिले. मी तिथे नव्हते, पण सरांनी जिन्यात त्याचा अभिनय करून दाखवला, घमेल्यासकट.

तोंडी परीक्षेला सासूबाई हट्टाने अमरावतीला आल्या. इरकली नेसून शेवटच्या रांगेत बसल्या. सर छान बोलले, अगदी पुस्तकी मराठीत आणि मधे मधे इंग्रजीत. शेवटी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "वडीचा पृष्ठभाग बंद होतोय हे तुमच्या कसं लक्षात आलं?"

मला ठाऊक होतं की सर सांगू शकत होते, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. ते खोटंही नव्हतं, नंतर पाहिलंच होतं. सरांनी शेवटच्या रांगेकडे पाहिलं. मग त्यांची पुस्तकी मराठी गळून पडली.

"माह्या नाई आलं लक्षात सर," ते म्हणाले. "आमच्या शेजारच्या मायनं ते तळाले घेतलं होतं. तिनं साल काढली. त्या मागं बसल्या हायेत."

मार्गदर्शक खाकरले. परीक्षकांनी सासूबाईंना उभं राहायला सांगितलं. पदर सावरत त्या उठल्या. "म्या काई केलं नाई साहेब," त्या म्हणाल्या. "च्यासंगं खायाले पायजे होतं." सगळं सभागृह हसलं. परीक्षकही हसले आणि मग गंभीर होऊन म्हणाले की खरं सांगणारा विद्यार्थी फार दिवसांनी भेटला. सरांना पदवी मिळाली. मला मात्र आजही वाटतं की तो प्रश्न विचारला गेला तेव्हा सरांसमोर अठरा वर्षं उभी होती, आणि तरी ते सरळ बोलले. मला त्यांचा फार अभिमान वाटला. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

वर्षभरात मोर्शीच्या एका कॉलेजात कायम जागा निघाली. सर मुलाखतीला गेले आणि निवड झाली. सामान एका ऑटोत मावलं. जाताना जिन्यात उभं राहून त्यांनी मला प्रयोगशाळेतल्या कोणत्या बाटलीचं झाकण सैल आहे एवढंच सांगितलं. मीही "बघते" म्हटलं. आमच्यासारख्यांना याहून जास्त निरोप घेता येत नाही. वरची खोली महिनाभर रिकामी होती, आणि मी जिना चढताना उगाच सावकाश चढायचे.

सर रुजू झाले त्या दिवशी सकाळी अकराला त्यांनी पाठवलेला फोटो आला, मोबाइलवर. हजेरीपटाच्या पानाचा. एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. आमच्याकडे तासिकेवरच्या शिक्षकांनी कुठेही सही केली की नावापुढे कंसात 'ता. त.' लिहायचं असतं. तासिका तत्त्व. उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर, ग्रंथालयाच्या वहीत, चहाच्या यादीतसुद्धा. फोटोत सरांची सही होती, वळणदार, आणि तिच्यापुढे कंसात 'ता. त.'. त्यावर एक आडवी रेघ. सरकारी कागदावर काही खोडलं की शेजारी लहान सही करावी लागते, तशी ती केलेली. खाली सरांनी लिहिलं होतं, "मॅडम, हातच थांबला नाई. साहेब म्हणाले, खोडा. खोडलं."

मी फोटो सासूबाईंना दाखवला. काय खोडलंय, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "सर पक्के नाहीत असं लिहिलेलं होतं. ते खोडलं."

त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला, मग दूर धरला, मग पुन्हा जवळ.

"रेघ लय हळू मारली मास्तरानं," त्या म्हणाल्या. "जोरानं माराची होती."